भाऊ ऑपरेशननंतर गेला, केस कोण टाकू शकते?

प्रश्न (दारव्हा तालुका, यवतमाळ):
लहान भावाचं अपेंडिक्सचं ऑपरेशन नागपूरच्या एका खासगी दवाखान्यात झालं. रात्रभर पोट ढोलासारखं फुगत गेलं, नर्स म्हणे "गॅस हाये". डॉक्टर आलाच नाही. पहाटे गेला. मागे बायको, दोन लहान लेकरं अन् आमची माय. सोयाबीन विकून बिल मी भरलं. केस मी टाकू का?

उत्तर:
दादा, लय वाईट झालं. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 प्रमाणे ग्राहक वारला तर त्याचे कायदेशीर वारस तक्रार करू शकतात. हिंदू वारसा कायद्यात बायको, लेकरं अन् माय पहिल्या वर्गात येतात. ते असताना भाऊ वारस नाही. लेकरं अज्ञान (18 वर्षांखालची), त्यांच्या वतीनं त्यांची आई सही करेल. मुदत 2 वर्षं. नागपूरचे हेलपाटे नकोत, राहता त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात, म्हणजे यवतमाळला तक्रार चालते.

दुसरं उत्तर:
आधी केसपेपर लेखी मागा, 72 तासांत द्यायला पाहिजे. नर्सच्या नोंदी सोडू नका, रात्रीचं सगळं त्यातच असते. बिलाच्या पावतीवर तुमचं नाव असेल तर वकिलाला दाखवा, पैसे मोजणाराही ग्राहक ठरू शकतो.

प्रश्नकर्ता:
माय अंगठा लावते, चालते ना?

उत्तर:
चालते. ओळखणारा साक्षीदार घ्या.