मदत हवी आहे: बेसवरचा अंपायर नवखा असेल तर काय करता?

शालेय जिल्हास्तरीय सॉफ्टबॉलला मी प्लेटमागे (बॅटर-कॅचरच्या मागे) मुख्य अंपायर असतो, बेसवर दुसरा अंपायर म्हणून ड्युटी लागलेले पीटीचे सर येतात. माणसं चांगली, पण बरेचसे क्रिकेट-कबड्डीवाले. परवा एक आऊट, फर्स्टवर रनर, तिसरा स्ट्राईक कॅचरच्या हातून सुटला, बॅटर पळाली आणि आमच्या सरांनी दोन्ही हात पसरून सेफ! फर्स्ट भरलेला आणि दोन आऊट नसतील तर बॅटर आऊटच ना, मग दोन्ही कोच मैदानात, दहा मिनिटं गेली.

रूलबुकची पीडीएफ पाठवून झाली, कुणी उघडत नाही. मॅचआधी दहा मिनिटं सांगून बघितलं, इनफिल्ड फ्लायला (आतल्या मैदानात उंच उडालेल्या सोप्या कॅचवर ठराविक वेळी बॅटर आपोआप आऊट) माना डोलावतात आणि बॉल वर गेला की माझ्याकडे बघतात. माणसं बदलून मिळणार नाहीत, तेवढं सुचवू नका. पुढच्या स्पर्धेआधी चौघांसोबत फक्त दोन तास मिळतील, मैदान आहे, पोरं पण पळायला मिळतील.

तर त्या दोन तासांत नियम सोडून नुसतं उभं कुठे राहायचं आणि फोर्स की टॅग (बॉल घेऊन नुसता बेसला पाय लावला की आऊट, की रनरलाच बॉल लावायला हवा) एवढंच घोटून घेऊ का? आणि चालू मॅचमध्ये त्यांनी नियमच चुकवला, तर पोरांसमोर त्यांचा पोपट न करता कॉल दुरुस्त कसा करता तुम्ही?