इंजिन ऑइल गळतंय, गॅरेजवाला म्हणतो गिअरबॉक्स उतरवू

गोदाकाठ_८६
नमस्कार मंडळी. गाडी २००९ची पेट्रोल हॅचबॅक, १२०० सीसी, चार सिलिंडर, १ लाख १८ हजार किमी झालेत. सकाळी गाडी काढली की खाली पेव्हर ब्लॉकवर काळा डाग असतोच. सोसायटीच्या ग्रुपवर त्याचा फोटो फिरून झाला. कसारा घाट चढून इगतपुरीला थांबलो की बॉनेटमधून ऑइल करपल्याचा वास येतो. पट्टीवर ऑइल महिनाभरात अर्ध्यावर येतं.

गॅरेजवाल्याने खालून टॉर्च मारला. इंजिन-गिअरबॉक्सच्या जोडावर ओलं दिसलं. म्हणाला, क्रँकचं (इंजिनातल्या फिरणाऱ्या मुख्य दांड्याचं) मागचं सील गेलंय, गिअरबॉक्स उतरवावा लागेल, उतरवतोच आहोत तर क्लचप्लेट, प्रेशरप्लेटही टाकून घ्या. क्लच मला तरी चांगला वाटतो. तोवर २०डब्ल्यू-४० टाका, जाड ऑइल कमी गळतं, असंही सांगितलं. काय करावं?

चौफुला
गाडी जुनी झाली की थेंब पडणारच राव. लीक बंद करायचं औषध मिळतं बाटलीत, ओता आणि विसरा. पुठ्ठा टाका खाली.

पाना_बारा
गोदाकाठ, गिअरबॉक्सला अजून हात लावू देऊ नका.

आमचं गॅरेज कराडला. ‘मागचं सील गेलंय’ म्हणून जेवढ्या गाड्या येतात, त्यातल्या बऱ्याच टॅपेट कव्हरचं, म्हणजे इंजिनाच्या हेडवरच्या झाकणाचं, पॅकिंग बदलून परत जातात. तुमचं इंजिन आडवं बसवलेलं आहे. कव्हरचा गिअरबॉक्सकडचा कोपरा पाझरायला लागला की ऑइल हेडवरून, ब्लॉकवरून उतरत क्लच हाउसिंगच्या (क्लचवरच्या आवरणाच्या) जोडावर येतं आणि तिथून टपकतं. त्यात गाडी चालताना वारा ते मागे फेकतो. पत्र्याचं घर गळतं तेव्हा भोक एकीकडे आणि बादली दुसरीकडे असते, तसला प्रकार. खालून टॉर्च मारणाऱ्याला फक्त बादली दिसते.

तुमच्या वासावरूनही मला वरचीच शंका येते. मागच्या सीलमधून आलेलं ऑइल हाउसिंगच्या आत उतरतं आणि तळातून गळतं. ते सायलेन्सरच्या मॅनिफोल्डवर कसं पडेल? करपल्याचा वास येतोय म्हणजे वरून कुठून तरी गरम लोखंडावर थेंब पडतोय. याकडे मात्र दुर्लक्ष करू नका, आग लागायला तेवढं पुरतं.

आधी इंजिन धुवा. डिझेल मारून नाही! आमच्या धंद्यात ती सवय आहे, पण डिझेलचा थर राहतो, तो ऑइलसारखाच चकाकतो, रबरी होजही फुगतात. डिग्रीजर आणा. इंजिन कोमट असू द्या, अल्टरनेटर आणि कॉइलवर प्लॅस्टिकची पिशवी बांधा, ब्रशने घासा, पाण्याचा जोर कमी ठेवा. वाळलं की २०-२५ किमी फिरून या आणि वरून खाली बघत चला. सगळ्यांत वरची ओली जागा शोधायची. तिच्या खालचं सगळं ओघळ समजा. नजरेला ठरत नसेल तर संशय आहे तिथे टाल्कम पावडर भुरभुरवा आणि इंजिन जागेवर चालू ठेवा, पावडरीवर काळी रेघ उमटते. पंख्याच्या पट्ट्यावर आणि एअर फिल्टरच्या तोंडात पावडर जाऊ देऊ नका.

एकेक कॉइल उपसून प्लगच्या विहिरीत डोकवा. आत ऑइल असेल तर कव्हरमधली ट्यूब सीलं गेली. ऑइल प्रेशरचा स्विच बघा, वायर काढली की टोकाशी ऑइल दिसतं का. वस्तू स्वस्त, पण थेट ब्लॉकवर गळते. मागच्या सर्व्हिसला फिल्टर बदलला तेव्हा जुनी रबरी रिंग ब्लॉकलाच चिकटून राहिली नाही ना, तेही बघा. दोन रिंगा एकावर एक बसल्या तर कुठल्या तरी दिवशी भसकन सगळं ऑइल बाहेर येतं.

आणि सगळ्यात महत्त्वाचा पीसीव्ही व्हॉल्व्ह, इंजिनात साठणारा वायू बाहेर सोडणारा. हे कोणी बघतच नाही. चेंबरमधला (इंजिनाच्या तळच्या ऑइलच्या भांड्यातला) वायू याच वाटेने इनटेककडे, म्हणजे हवा आत ओढायच्या नळीकडे जातो. व्हॉल्व्ह चिकटला की आत दाब साठतो आणि जिथलं सील कमजोर तिथून ऑइल ढकललं जातं. तुम्ही पॅकिंग बदला, सील बदला, ते पुन्हा गळणार. काढून कानाशी हलवा, आतून टकटक वाजलं पाहिजे. बसवून इंजिन आयडलला ठेवा, ऑइल भरायचं झाकण काढून तोंडावर कागद धरा. कागद हलका आत ओढला गेला तर ठीक. जोरात बाहेर फेकला गेला तर एकतर व्हॉल्व्ह तुंबलाय, नाहीतर पिस्टनच्या रिंगा थकल्यात.

जाड ऑइलचं म्हणाल तर मॅन्युअलमध्ये जो ग्रेड आहे तोच टाका. नाशिकच्या थंडीत पहाटे स्टार्टर मारल्यावर जाड ऑइल हेडपर्यंत चढायला वेळ लावतं. @चौफुला, बाटलीतलं औषध रबर फुगवतं, म्हणून आकसलेल्या सीलला थोडा फरक पडतो. ढिल्या बोल्टला आणि फाटलेल्या पॅकिंगला त्याने काय होणार?

देऊळवाडा
डिझेल वॉशबद्दल सहमत. एक जोड: यूव्ही डाय मिळतो, ऑइलमध्ये थोडा टाकायचा, फिरवून आणायची, अंधारात यूव्ही टॉर्च मारला की गळतीची जागा पिवळीधमक दिसते. मी दुबईत वर्कशॉपमध्ये आहे, इथे हेच वापरतो. आणि सांडलंय ते इंजिन ऑइलच आहे ना, ते बोटाला लावून बघा. गिअर ऑइलला गंधकासारखा उग्र वास असतो.

गोदाकाठ_८६
रविवारी केलं सगळं. वास इंजिन ऑइलचाच. पावडरीवर रेघ उमटली ती टॅपेट कव्हरच्या मागच्या कोपऱ्यात, गिअरबॉक्सच्या बाजूला. तीन नंबरच्या विहिरीत बोटभर ऑइल होतं. पीसीव्ही वाजतच नाही, काळा चिकट झालाय. कागदही बाहेर उडतो. पॅकिंगचा सेट आणि व्हॉल्व्ह मागवलाय. काकांनी मागचं सील सांगितलं नसतं तर बरं झालं असतं, पण जाऊ दे. पॅकिंग बसवताना काय सांभाळू? गॅरेजवाले काका म्हणतात, चारही बाजूंनी लाल सिलिकॉन मारा, मग गळायची बातच नाही.

पाना_बारा
सिलिकॉन चारही बाजूंनी मारू नका हो. बोल्ट आवळले की ते आतल्या बाजूला निघतं, वाळून तुकडे पडतात आणि चेंबरमधल्या ऑइल पंपाच्या जाळीवर जाऊन बसतात. मग गळती बंद आणि ऑइलचं प्रेशरही बंद. हेडवर जिथे कॅमची टोपी आणि हेड एकत्र येतात त्या कोपऱ्यांत तेवढा बारीक ठिपका द्या, बाकी पॅकिंग कोरडं बसवा. मॅन्युअलमध्ये जागा दाखवलेल्या असतात.

जुनं पॅकिंग निघाल्यावर खाच प्लॅस्टिकच्या पट्टीने खरवडा. हेड अॅल्युमिनियमचं आहे, पात्याचा ओरखडा पडला की तिथूनच पाझरणार. विहिरीतलं ऑइल फडक्याने टिपून घ्या आणि मगच प्लग काढा, नाहीतर ते सिलिंडरमध्ये उतरेल. बोल्ट मधल्यापासून सुरू करून बाहेरच्या बाजूला, दोन-तीन फेऱ्यांत. अशा कव्हरला टॉर्क साधारण १० न्यूटन-मीटरच्या आसपास असतो, नक्की आकडा मॅन्युअलमधला घ्या. म्हणजे फार कमी. हँडलला लटकून आवळलं की कव्हर वाकतं, किंवा बोल्ट तुटून हेडमध्ये राहतो, आणि मग खरंच खर्च.

गोदाकाठ_८६
बसवलं. पीसीव्ही नवा, कागद आता हलकेच आत ओढला जातो. कसाऱ्याला जाऊन आलो, वास नाही. पण हाउसिंगच्या तळाशी अजून किंचित ओलं लागतंय. म्हणजे सीलही गेलंय का?

पाना_बारा
जुनं साचलेलं ऑइल जोडातून निथळायला वेळ लागतो. पुन्हा एकदा पुसा, पंधरवडा चालवा, पट्टीवरची पातळी लिहून ठेवा. तरी ओलं आलं आणि वरचा सगळा भाग कोरडा असेल, तर हो, मागचं सील थोडं पाझरतंय. पण पातळी जागेवर असेल आणि क्लच घसरत नसेल, गाडी उचलताना थरथरत नसेल, तर एवढ्यासाठी गिअरबॉक्स उतरवू नका. क्लच संपेल तेव्हा तो खाली येणारच आहे, त्याच मजुरीत सील बदलून घ्या.