ग्रॅच्युइटीचे पैसे दरवर्षी वेगळ्या निधीत भरायलाच हवेत

हिशेबनीस (धागाकर्ता): ग्रॅच्युइटी म्हणजे नोकरी संपताना मिळणारी एकरकमी रक्कम कामगार दर महिन्याला कमावत असतो, पण बरेच लहान कारखाने ताळेबंदात तरतुदीचा नुसता आकडा लिहितात आणि पैसा धंद्यात फिरवतात. शेवटचा पगार (मूळ अधिक महागाई भत्ता) २६,००० आणि नोकरी ३० वर्षं धरा. भागिले २६ (महिन्याचे कामाचे दिवस), गुणिले १५ (दर वर्षामागे इतक्या दिवसांचा पगार), गुणिले ३० : साडेचार लाख. हिशेब शेवटच्या पगारावर होत असल्याने २,६०० रुपयांची पगारवाढ दिली की मागची सगळी वर्षं धरून देणं ४५,००० नी वाढतं. करारावर सही करताना हा आकडा किती मालक काढतात? असे दहा जण एका वर्षात निवृत्त झाले की ४५ लाख, तेही ३० दिवसांत द्यायचे.

शिरोलीचा फाउंड्रीवाला: हिशेब बरोबर, उपाय चूक. माझी बिलं ९० दिवसांनी सुटतात, स्क्रॅप आणि वीज रोखीनं. कॅश क्रेडिटवर, म्हणजे धंदा चालवायला घेतलेल्या बँकेच्या उचलीवर, मी जे व्याज भरतो, त्याहून कमी व्याज त्या निधीवर मिळतं. म्हणजे महाग पैसा काढून स्वस्तात ठेवायचा. शिवाय एकदा भरलेले परत काढता येत नाहीत. २०२० च्या एप्रिलमध्ये भट्ट्या बंद होत्या, तेव्हा हातातल्या पैशावरच पगार झाले.

करसल्लागार: व्याजाच्या तुलनेत कर धरा की. वहीतल्या तरतुदीला आयकरात वजावट नाही, मान्यताप्राप्त ग्रॅच्युइटी निधीत भरलेल्या पैशाला आहे. आज तुम्ही खर्च दाखवताय आणि त्यावर करही भरताय.

शिरोलीचा फाउंड्रीवाला: नफा असेल तर कर! मंदीच्या वर्षात वजावट घेऊन काय करू? आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या सामाजिक सुरक्षा संहितेत भत्ते एकूण पगाराच्या निम्म्याहून जास्त असले की वरचा भाग वेतनात धरायचा, ठरावीक मुदतीच्या करारावरच्या कामगाराला एका वर्षानंतरच ग्रॅच्युइटी. बोजा वाढवणारे दिल्लीत, रोख उभी करायची आम्ही.

निवृत्त फिटर: तुमची अडचण खरी असेल. मला माझे पैसे मिळायला दीड वर्ष लागलं, त्याच काळात शॉपमध्ये नवी सीएनसी (संगणकावर चालणारी मशीन) बसली. उशिराचं व्याज कायद्यात आहे, पण ते मागायला कामगार कार्यालयाच्या पायऱ्या चढाव्या लागतात. गुडघे गेलेल्या माणसानं?

हिशेबनीस: फाउंड्रीवाले, २०२० चा मुद्दा मला मान्य नाही. ते पगार दुसऱ्या कामगारांच्या कमाईतून झाले. जेट एअरवेज बघा. विमानं एप्रिल २०१९ ला थांबली, कर्मचाऱ्यांचा भविष्य निधी आणि ग्रॅच्युइटी पूर्ण द्यायची हे सर्वोच्च न्यायालयात जानेवारी २०२३ ला कायम झालं, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये कंपनी अवसायनात काढायचा, म्हणजे मालमत्ता विकून देणी भागवून बंद करायचा, आदेश निघाला. दिवाळखोरी संहितेनं ग्रॅच्युइटी निधी अवसायनाच्या मालमत्तेबाहेर ठेवलाय, पण निधीच उभारला नसेल तर बाहेर काय ठेवणार? ग्रॅच्युइटी कायद्याच्या १९८७ च्या दुरुस्तीत या देण्याच्या विम्याची सक्ती आली, अंमल राज्यांवर सोडला. कर्नाटकानं २०२४ मध्ये नियम केले. आपल्याकडेही तेवढ्याच कडकपणे व्हायला हवं.

शिरोलीचा फाउंड्रीवाला: करा सक्ती. पण मागची सगळी थकबाकी एका वर्षात मागू नका, हप्ते द्या. आणि मोठ्या गिऱ्हाइकांनी आमची बिलं ४५ दिवसांत चुकवावीत, त्याचीही तेवढीच सक्ती करा. त्याशिवाय मी भरणार नाही.