कानाला त्रास होतो तो हवेच्या दाबानं, आवाजानं नव्हे

झोपेत श्वास अडकणाऱ्यांना मास्कमधून दाबाची हवा देणारं मशीन म्हणजे सीपॅप. त्याच्या घरघरीनं हळूहळू बहिरेपण येतं असं काही जण म्हणतात, ते मला पटत नाही. या मशीनचा आवाज साधारण २५ ते ३० डेसिबल, म्हणजे कुजबुजण्याएवढा. कानाला धोका असतो तो ८५ डेसिबलच्या पुढचा आवाज तासन्‌तास कानावर पडला तर. घोरणं मशीनच्या आवाजाहून कितीतरी मोठं असतं! हवेच्या दाबाचा मुद्दा मात्र कुणी काढत नाही. नाकाच्या मागून मधल्या कानापर्यंत एक बारीक नळी जाते, युस्टेशियन ट्यूब. मास्कमधली दाबाची हवा कधी कधी तिच्यातून वर चढते आणि कानात दडे बसतात. सर्दी असली की जास्तच.

खानापूरच्या आमच्या मामांचं हेच झालं. तिकडच्या पावसाळ्यात त्यांचं नाक कायम चोंदलेलं. सकाळी मास्क काढला की डावा कान बंद, मामींनी चहाला हाक मारली तरी ऐकू जायचं नाही. घाबरून त्यांनी मशीनच कपाटात ठेवलं. बेळगावला डॉक्टरांनी कानाचा पडदा बघितला, ऑडिओमेट्री म्हणजे ऐकण्याची तपासणी केली, कानाची नस व्यवस्थित निघाली. मग सर्दीवर औषध, मशीनमधली हवा दमट करणारा ह्युमिडिफायर चालू आणि दाब सावकाश चढवणारं रॅम्पचं सेटिंग, एवढ्यावर कान सुटला. म्हणून कळकळीनं सांगतो, मशीन परस्पर बंद करू नका. झोपेत श्वास अडकून रक्तातला ऑक्सिजन वारंवार उतरणं आतल्या कानालाही चांगलं नाही. मात्र एका कानानं अचानक ऐकू येईनासं झालं, तर दडे म्हणून वाट बघू नका, त्याच दिवशी कानाच्या डॉक्टरांकडं जा.