आज काय घेत आहात? बिअरच्या ग्लासाभोवतीचे मराठी शब्द

शनिवारी रात्री आम्ही चौघे मित्र आपापल्या घरी बसून, आज ग्लासात काय आहे ते एकमेकांना लिहून कळवतो. एक जण म्युनिकमध्ये, एक पणजीत, एक मैत्रीण पुण्यात आणि मी नाशिकला. गेल्या शनिवारी म्युनिकच्या मित्राने लिहिले, "हेझी आहे, बॉडी मीडियम आहे, बिटरनेस लो आहे, फिनिश क्लीन आहे." त्यावर पुण्याच्या मैत्रिणीने विचारले की यात 'आहे' सोडून मराठी काय आहे आणि हेच सगळे मराठीत सांगता येईल का. त्या प्रश्नावर आठवडाभर जो विचार केला तो येथे मांडत आहे.

सुरुवात क्रियापदापासून करायला हवी. 'ते पितात का?' आणि 'ते घेतात का?' ही दोन वाक्ये मराठी कानाला अगदी वेगळी लागतात. पहिल्यात माणसाच्या वळणाची चौकशी आहे, तर दुसऱ्यात यजमानाचे अगत्य आहे. 'पिणे' हे क्रियापद कर्माशिवाय आले की ते दारूचेच होते आणि त्यात ठपकाही येतो. 'पिऊन आला' म्हटल्यावर काय पिऊन आला असे कोणी विचारत नाही. कर्म जोडले की हा ठपका बराच उतरतो. 'मी आज गव्हाची बिअर पीत आहे' हे साधे निवेदन आहे, म्हणून चवीने पिणाऱ्याने कर्म गाळू नये, असे मला वाटते. 'घेणे' आणि 'बसणे' ही दोन्ही आडपडद्याची क्रियापदे आहेत. 'आज बसायचे का?' या प्रश्नात पेयाचे नावच नसते, तरी ऐकणाऱ्याला सगळे कळते.

लिंगाबद्दल मतभेद नाही. दारू, सुरा, वाइन, रम यांच्याप्रमाणे बिअरही स्त्रीलिंगी आहे आणि मनात 'बिअर' हा शब्द धरूनच आपण 'ती स्टाउट', 'ती लागर' असे म्हणतो.

आता 'माल्ट', म्हणजे ज्यापासून बिअर करतात ते धान्य. जव भिजत घालायचा, त्याला मोड आणायचे, आणि मोड फार वाढण्याआधी उष्णतेने वाळवून ते थांबवायचे, ही माल्ट करण्याची रीत. नाचणीचे सत्त्व करणाऱ्या घरांत हे सगळे पिढ्यान् पिढ्या चालत आले आहे. नाचणी भिजवतात, फडक्यात बांधून मोड आणतात, सावलीत वाळवतात, मंद आचेवर भाजतात आणि दळतात. म्हणून माल्टला 'मोडाचे धान्य' म्हटले तर कोणत्याही मराठी माणसाला ते समजावून सांगावे लागणार नाही. 'सत्त्व' मात्र मी सुचवणार नाही, कारण गव्हाचे सत्त्व मोड न आणता, गहू भिजवून आणि वाटून काढलेल्या चिकाचे असते. 'सातू' या शब्दातही घोटाळा आहे. तो धान्याचेही नाव आहे आणि भाजलेल्या गव्हा-डाळ्याच्या पिठाचेही, तेव्हा बिअरसंबंधी लिहिताना 'जव' बरा. संस्कृतात यवसुरा हा शब्द आहे आणि तो सुंदरही आहे, पण ग्लास समोर असताना तो कोणाच्या तोंडी येईल असे वाटत नाही.

'फर्मेंटेशन'साठी पाठ्यपुस्तकात 'किण्वन' आहे आणि घरात 'आंबवणे' आहे. इथे मी घरापेक्षा पुस्तकाच्या बाजूला आहे. आंबवण्यात आंबटपणा गृहीत असतो. आंबोळीचे पीठ आंबते, आंबील आंबते, आणि तसे ते व्हावे हीच अपेक्षा असते. बहुतेक बिअर आंबट नसते, आणि 'आंबलेली बिअर' म्हटले तर ती बिघडली असाच अर्थ निघेल. लाइपझिगच्या गोजे नावाच्या बिअरसाठी, जिच्यात मीठ आणि धने घालतात आणि जी मुद्दाम आंबट ठेवतात, हा शब्द चपखल बसेल; इतरत्र 'किण्वन'च हवे. शिवाय 'किण्व' हा कोणा समितीने घडवलेला शब्द नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सुराध्यक्षाच्या प्रकरणात मेदक नावाच्या मद्याचे प्रमाण दिले आहे: एक द्रोण पाणी, अर्धा आढक तांदूळ आणि तीन प्रस्थ किण्व. म्हणजे ती तांदळाची बिअरच, आणि तिचे किण्व बांधायला उडीद लागत. जर्मनीतल्या बव्हेरियात बिअरच्या घटकांविषयी १५१६ साली केलेल्या प्रसिद्ध नियमात मात्र जव, हॉप (बिअरला कडू छटा देणारी फुले) आणि पाणी एवढ्यांचाच उल्लेख आहे. यीस्टचे नाव त्यात नाही. ज्या घटकाला आपल्याकडे इतके जुने नाव आहे आणि ज्याचे माप लिहून ठेवलेले आहे, त्याला फक्त 'यीस्ट' म्हणत राहावे, याचे मला खरोखर वाईट वाटते.

'लागर'ला मात्र घरातलाच शब्द शोभतो. जर्मन भाषेत लागर म्हणजे कोठार, आणि त्याचे क्रियापद साठवून ठेवण्याचे आहे. ही बिअर थंड जागी कित्येक आठवडे ठेवली जाते आणि त्या मुदतीत तिची चव जुळून येते. मराठीत याला 'मुरणे' म्हणतात. लोणचे मुरते, मुरंबा मुरतो, माणूसही एखाद्या धंद्यात मुरतो. 'थंडीत मुरलेली बिअर' या तीन शब्दांत लागरची निम्मी ओळख होते. पिल्सनर हा तिचाच एक प्रकार. योसेफ ग्रोल याने १८४२ साली बोहेमियातल्या (आताच्या चेक प्रजासत्ताकातल्या) पिल्सन गावी ती प्रथम केली, आणि त्या नावातला शेवटचा 'र' म्हणजे आपल्या कोल्हापुरी, पुणेरीमधली 'ई' समजावी.

चवीच्या शब्दांत आपण श्रीमंत आहोत, आणि तरीही 'बिटर' म्हणतो. कडू, कडवट आणि कडसर यांत फरक आहे. कारले कडू. 'कडवट' जिभेपेक्षा मनाशी जास्त जोडला गेला आहे. अनुभव कडवट असतात, बोलणे कडवट असते. हॉपच्या फुलांनी येणारी हवीहवीशी कडू छटा सांगायला 'कडसर' मला सर्वांत योग्य वाटतो. काढा फार वेळ उकळल्यावर जीभ आवळते ते 'तुरट', आणि त्याची कडूशी गल्लत करू नये. 'बॉडी'साठी दाट आणि पातळ आहेत, आणि पातळपणा नकोसा झाला की 'पाणचट' आहे, ज्याच्या तोडीचा शब्द मला इतर कोणत्या भाषेत भेटलेला नाही. 'फिनिश'साठी नाम शोधू नये. चव जिभेवर रेंगाळते किंवा लगेच सरते, असे क्रियापदानेच सांगावे.

दोन शब्दांबाबत सावध राहायला हवे. आपल्याकडे 'पाइंट' म्हणजे ३३० मिलिलिटरची छोटी बाटली, पण इंग्लंडमधला पाइंट ५६८ मिलिलिटरचा असतो. परदेशातल्या मित्राने 'दोन पाइंट झाले' असे लिहिले, तर हिशेब चुकतो. दुसरा शब्द 'फ्लॅट'. त्याचे शब्दशः भाषांतर 'चपटी' असे करता येत नाही, कारण चपटी म्हणजे १८० मिलिलिटरची क्वार्टर, आणि तिच्यात बिअर नसते. 'गॅस गेलेली बिअर' असे सगळे म्हणतात, तेच लिहावे.

(नाशिककर म्हणून एक नोंद. पुण्यात २००९ साली सुरू झालेल्या डूलॅली या ब्रुअरीचे नाव मूळ आमच्या देवळालीचे. मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट पाहत तिथल्या छावणीत पडून राहिलेल्या ब्रिटिश सैनिकांमुळे 'डूलॅली' हा शब्द इंग्रजीत 'डोके फिरलेला' या अर्थाने रुळला.)

राहिला 'हेझी'. 'गढूळ' म्हटले की पावसाळ्यातल्या नदीचे पाणी डोळ्यांसमोर येते. 'धूसर' दृष्टीसाठी ठीक आहे, पेयासाठी परका वाटतो. काल रात्री मी बव्हेरियन धाटणीची गव्हाची बिअर उंच ग्लासात ओतत होतो. बाटलीत दोन बोटे बिअर उरल्यावर ती हलकेच गोल फिरवली, तळाचा साका वर आला आणि तोही ग्लासात ओतला. फेस चांगला चार बोटे चढला, खालचा रंग लिंबाच्या सरबताकडून ताकाकडे झुकला, आणि केळ्याचा व लवंगेचा वास वर आला. पाणी स्थिर ठेवले की साका खाली बसतो आणि वरचे पाणी निवळते, हे आजीच्या हंड्यापाशी पाहिलेले तेव्हा आठवले. गाळून स्वच्छ केलेली बिअर 'निवळ', आणि किण्वाचा साका अंगात ठेवलेली 'न निवळलेली'. म्युनिकच्या मित्राला मी कळवले, "आज गव्हाची, न निवळलेली, फेस दाट, किंचित कडसर, चव लगेच सरते." त्याचे उत्तर आले, "साका ओतलास ना?"

'न निवळलेली' हा शब्द मला अजून थोडा लांब वाटतो. नकार न वापरता हेच सांगणारा शब्द कोणाच्या घरात, गुऱ्हाळात किंवा ताडीच्या धंद्यात प्रचलित असेल, तर तो जरूर कळवावा.