पाण्याखालच्या घरगुती रोबोसाठी बॅटरी आणि मोटरी: सल्ला हवा

पाणकावळा:
पीव्हीसी नळ्यांचा सांगाडा जोडून मी पाण्याखाली फिरणारा छोटा रोबो तयार करत आहे. तो 5 मीटरपेक्षा खोल जाणार नाही आणि 15 मीटर केबलने वरून चालवायचा आहे. यूपीएसमधून काढलेली 12 व्होल्ट, 7 अँपिअर-तासांची लेड-ॲसिड बॅटरी हाताशी आहे. नव्या खरेदीत तीन साध्या मोटरी आणि वायर एवढेच बसते. बॅटरी काठावर ठेवावी की रोबोतच बसवावी, आणि मोटरी कोणत्या घ्याव्यात?

खोलपाणी:
मोटरींच्या बाबतीत काटकसर करू नये. मी टी200 थ्रस्टर (पाण्याखाली चालणारी, प्रॉपेलरसह तयार मिळणारी मोटर) बसवले आणि त्यानंतर स्क्रूड्रायव्हर हातात घ्यावा लागलेला नाही. सोबत चांगला लिथियम पॅकही घेऊन टाकावा.

जुना वायरमन:
खरेदीची मर्यादा धागाकर्त्याने आधीच लिहिली आहे. शिवाय तो थ्रस्टर 12 व्होल्टवर पूर्ण जोरात एकटाच सुमारे 17 अँपिअर ओढतो. असे तीन जोडल्यास ही बॅटरी काही मिनिटांतच मान टाकेल. त्यापेक्षा बोटीतले पाणी उपसणाऱ्या बिल्ज पंपाच्या मोटरी घ्याव्यात. त्या मुळातच पाण्यात बुडून चालण्यासाठी केलेल्या असतात, त्यामुळे आतला पंखा काढून दांड्यावर प्रॉपेलर बसवला की पुरे. बॅटरी काठावरच बरी.

गळका डबा:
बॅटरी आत ठेवू नये, हे मी लिपो (लिथियम पॉलिमर) बॅटरीचा पॅक गमावून शिकलो आहे. झाकण लावताना ओ-रिंगवर, म्हणजे पाणी अडवणाऱ्या रबरी कड्यावर, माझ्याच डोक्याचा एक केस आडवा राहिला होता, आणि तेवढ्या फटीतून पाणी झिरपत राहिले. वर काढले तेव्हा डब्यात दोन चमचेच पाणी होते, पण पॅक उशीसारखा फुगला होता. लेड-ॲसिड बॅटरी तर हवाबंद डब्यात मुळीच कोंडू नये, कारण चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन सुटू शकतो.

ड्रोनवाला:
बिल्ज पंपाच्या मोटरीचे सील आज ना उद्या गळतेच. माझ्या ब्रशलेस मोटरी उघड्याच पाण्यात चालतात, कारण त्यांच्या वेटोळ्यांवर इन्सुलेशनचा थर असतो आणि झिजायला ब्रशच नसतात. मात्र केव्ही (दर व्होल्टला मिनिटाला होणारे फेरे) कमी असलेली मोटर आणि दोन्ही दिशांना फिरवणारा ईएससी, म्हणजे मोटरचा इलेक्ट्रॉनिक वेगनियंत्रक, घ्यावा लागतो. खाऱ्या पाण्यातून काढल्यावर गोड्या पाण्याने धुतले नाही, तर बेअरिंग गंजते.

काठावरचा:
बॅटरी काठावरच ठेवावी, असेच माझेही मत आहे. 1 चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर पुरेल. 15 मीटरला रोध साधारण 0.26 ओहम, म्हणजे 6 अँपिअरला दीड व्होल्टच पडतो.

जुना वायरमन:
वीज जाते तशी परतही येते, त्यामुळे लांबी 30 मीटर धरायला हवी. रोध 0.52 ओहम होतो आणि 3 व्होल्टहून अधिक वाटेतच खर्ची पडतात. 2.5 चौरस मिलिमीटर घेतल्यास ही घट सव्वा व्होल्टवर येते. बॅटरीवरचा 7 चा आकडा 20 तास सावकाश उपसण्यासाठी असतो. 6 अँपिअरला ती तासभर चालेल अशी अपेक्षा धरू नये. आणि फ्यूज बॅटरीच्या धन टोकाशीच लावावा, रोबोपाशी नव्हे.

ड्रोनवाला:
एवढी जाड केबल ताठ असते. रोबो केबल ओढतो की केबल रोबोला, हेच मग कळत नाही.

काठावरचा:
परतीचा हिशेब मान्य. तरीही जाड वायर घ्यायची म्हणजे आधी तिचे वजन पेलणारे तरंड हवेत.

पाणकावळा:
सर्वांचे आभार. बिल्ज पंपाच्या मोटरी आणल्या, फ्यूज बॅटरीच्या टोकाशीच लावला, आणि वायर मात्र 1 चौरस मिलिमीटरचीच घेतली. दोन मोटरी चालू असताना बॅटरीपाशी 12.2 आणि रोबोपाशी 9.6 व्होल्ट मोजले, म्हणजे वायरमन यांचा हिशेब खराच ठरला. परंतु टाकीत आखूड, जाड वायरवर पूर्ण 12 व्होल्ट दिले, तेव्हा प्रॉपेलरने तळाचा गाळ असा उडवला की कॅमेऱ्यात तपकिरी पडद्याशिवाय काही दिसेना. बारीक वायरवर तो सावकाश सरकतो आणि तळाचे खडे एकेक करून दिसतात. त्यामुळे वाटेत पडणारे अडीच व्होल्ट मी तसेच ठेवणार आहे.

जुना वायरमन:
वेग कमी करण्यासाठी पीडब्ल्यूएम नियंत्रक असतो हो, तो वीज झपाट्याने चालू-बंद करून मोटरीचा वेग कमी करतो. वायर तापवून वेग कमी करणे माझ्या मनाला पटत नाही.