वैद्यकीय थरारकथा : काय भावते, काय खटकते?

मराठी अनुवादांमुळे वैद्यकीय थरारकथा लिहिणारे अमेरिकी डॉक्टर-लेखक रॉबिन कुक हे नाव आपल्याकडच्या वाचनालयांत चांगलेच रुळले आहे. अशा कादंबऱ्यांनी आपल्याला कशामुळे खिळवून ठेवले आणि विश्वास कुठे उडाला, हे एखाद्या पुस्तकाच्या आधारे सविस्तर लिहावे. शेवट उघड झाला तरी चालेल.

भूलतज्ज्ञ, कोल्हापूर

कुक यांच्या १९७७ सालच्या ‘कोमा’ या कादंबरीत धडधाकट माणसे किरकोळ शस्त्रक्रियेनंतर शुद्धीवरच येत नाहीत, कारण आठ क्रमांकाच्या शस्त्रक्रियागृहात त्यांना कार्बन मोनॉक्साइड दिला जात असतो. प्राणवायू कमी पडला की जखमेतले रक्त काळपट दिसू लागते आणि आम्ही सावध होतो. हा वायू हिमोग्लोबिनला चिकटला की मात्र रक्त लालभडकच राहते. आज बोटाला लावला जाणारा साधा पल्स ऑक्सिमीटरसुद्धा इथे फसतो आणि आकडा चांगलाच दाखवत राहतो. लेखक स्वतः डॉक्टर असल्याचा खरा फायदा अशा जागी जाणवतो, आणि ते वाचताना माझ्या अंगावर काटा आला होता. पुढे तारांनी टांगलेली शरीरे आणि अवयवांचा गुप्त व्यापार येतो, तेव्हा मात्र पकड सुटते. रक्तगट व ऊती जुळवणे, अवयव काढणे, ते काही तासांत पोहोचवणे यांसाठी इतके हात लागतात, की एवढ्या लोकांचे गुपित रुग्णालयात टिकणे मला अशक्य वाटते.

प्रत्यारोपण समन्वयक, पुणे

“ते खरंच गेलेत ना, की अवयवांसाठी तसं सांगताय?” हा प्रश्न मला नातेवाईक विचारतात, आणि त्यांनी तो विचारलाच पाहिजे. अवयव प्रत्यारोपणाच्या आपल्या १९९४ च्या कायद्याने मेंदूमृत्यूचा, म्हणजे मेंदूचे काम कायमचे थांबल्याचा, निर्णय चार डॉक्टरांच्या मंडळावर सोपवला आहे, तपासणी किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा होते आणि प्रत्यारोपण करणारा डॉक्टर त्या मंडळात नसतो. कृत्रिम श्वास थांबवून, रक्तातला कार्बन डायऑक्साइड वाढल्यावर तरी रुग्ण स्वतःहून श्वास घेतो का, हे पाहतात. त्या काही मिनिटांत खोलीतल्या प्रत्येकाची नजर छातीवर खिळलेली असते. इतका विलक्षण प्रसंग हाताशी असताना थरारकथा थेट कटाकडे धावतात, याचे मला मनापासून वाईट वाटते. किडनीच्या काळ्या बाजाराची जी प्रकरणे आपल्याकडे उघडकीस आली, त्यांत गरजू जिवंत माणसे आणि नात्याची खोटी कागदपत्रे होती. त्या कागदपत्रांवर कुणी चांगली कादंबरी लिहिली, तर मी ती आधी वाचेन.

सूक्ष्मजीवशास्त्राची प्राध्यापक, छत्रपती संभाजीनगर

मायकेल क्रायटन यांची १९६९ सालची ‘द अँड्रोमेडा स्ट्रेन’ ही कादंबरी मी विद्यार्थ्यांना आवर्जून वाचायला देते. अंतराळातून आलेल्या जंतूने एक गाव मरते; त्यात एक रडके बाळ आणि एक दारुडा म्हाताराच का वाचले, याचे उत्तर रक्ताच्या सामूत (रक्त किती आम्लधर्मी वा अल्कधर्मी, त्या मापात) दडलेले असते: सतत रडण्याने बाळाचे रक्त अल्कधर्मी झालेले, म्हाताऱ्याचे ॲस्पिरिन व विषारी मद्याने आम्लधर्मी, आणि जंतू फक्त मधल्या अरुंद पट्ट्यातच वाढणारा. तर्काची ही बांधणी अप्रतिम आहे. पण अखेरीस जंतू आपोआप बदलून माणसाला निरुपद्रवी होतो, आणि एवढ्या कष्टाने शोधलेल्या उत्तराचा कुणालाच उपयोग होत नाही. हे मला आजही पटलेले नाही.